नीलमच्या गाडीचा हीटर

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी सव्वासहाला नीलमचा फोन. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. कसे आहात नाही, काही नाही — एकदम, "आप्पा, इंजिन गरम करायचा हीटर कुठला घेऊ?"

मला आधी कळलंच नाही. चाळीस वर्षं माझी इंजिनं थंड ठेवण्यात गेली. रेडिएटर, पंखा, वॉटर पंप. बेळगावात थंडीनं अडलीच तर एखादी जुनी डिझेल गाडी, तीही पहाटेची. दोघांनी ढकललं की सुटते. इंजिन मुद्दाम तापवायचं म्हणजे काय?

विनिपेगला उणे सत्तावीस होतं म्हणे. गाडी सुरूच झाली नाही. सौम्याला कडेवर घेऊन बसथांब्यावर पंचवीस मिनिटं उभी होती. पोरीला पाळणाघरात सोडून वृद्धाश्रमात कामाला पोचली तर चाळीस मिनिटं उशीर. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा नको म्हणालेत.

म्हटलं, जावईबापूंना विचार. त्यांना तिकडचं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"त्यांना नको. तुम्हीच सांगा."

सांगतो म्हटलं. खरं लिहायचं तर बरं वाटलं. गॅरेज माझ्या हाताखालच्या भरमूकडे सोपवून दोन वर्षं झाली. तेव्हापासून कुणी इंजिनातलं काही विचारलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर मोबाईलवर वाचत बसलो. तिकडे म्हणे गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते. घरासमोर, कामाच्या ठिकाणी खांबाला प्लग. गाडी म्हशीसारखी दावणीला बांधून ठेवायची.

प्रकार बरेच. एक इंजिनच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटेवर बसतो, बाजूचं पत्र्याचं बूच काढून. सगळ्यात चांगला तो. एक रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत, बसवायचा. एक लोहचुंबकाचा, ऑइल चेंबरला खालून लावायचा. एक रबरी पट्टीसारखा, डिंकावर चिकटणारा. आणि एक नुसती सळई, ऑइल मोजायच्या पट्टीच्या जागी घालायची — ते खेळणं आहे. तेल करपेल, इंजिन थंडच.

इथून पाठवावा म्हटलं तर तिकडची वीज निराळी. एकशेवीस व्होल्ट. म्हणजे मी इथून नुसतं बोट दाखवणार.

६ डिसेंबर, शनिवार

उणे सत्तावीस म्हणजे काय ते हाताला कळल्याशिवाय डोक्यात जाईना. यमनाप्पाकडे गेलो. अनगोळातच आमच्या मागल्या गल्लीत त्याचं आइस्क्रीमचं गोदाम आहे. दोन बाटल्या नेल्या — एकीत आपलं नेहमीचं जाड इंजिन ऑइल, एकीत नव्या गाड्यांचं पातळ. फ्रीजर उणे वीस दाखवत होता.

"काय मिस्त्री, ऑइलचं आइस्क्रीम करतासा काय?" यमनाप्पा म्हणाला. पण ठेवून घेतल्या.

संध्याकाळी काढल्या. जाड ऑइलची बाटली उलटी धरली — पडेना. काकवीसारखं. पातळ होतं ते वाहिलं, पण कुंथत. असल्या तेलात क्रँक फिरणार कशी? बॅटरीचा जीव जाईल.

मग त्याच फ्रीजरात हात घालून उभा राहिलो. दीड मिनिटानं बोटं माझी राहिली नाहीत. यमनाप्पानं हात ओढून बाहेर काढला.

पंचवीस मिनिटं उभी होती ती. पोर कडेवर.

७ डिसेंबर, रविवार

नीलमचा फोन. आज आणखी एक गोष्ट कळली. गाडीत हीटर आहेच, मागल्या मालकानं बसवलेला. ब्लॉकमधला, चांगला. फक्त वायर तुटलीय.

कशानं तुटली?

"उंदरानं कुरतडली, आप्पा."

म्हटलं, वायरचा फोटो पाठव. वायरच बदलायची असेल तर एवढा हीटर निवडायचा खटाटोप कशाला?

८ डिसेंबर, सोमवार

फोटो आला.

उंदीर कुरतडतो तेव्हा रबर ओरबाडलेलं असतं. आतल्या तारा पिंजारलेल्या असतात, दातांचे बारीक खड्डे दिसतात. ही वायर एका दाबात कापलीय. दोन्ही बाजूंनी पात्याची सरळ खूण. पक्कड. जन्मभर मी हेच केलं, मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

नीलमच्या आईला, राजाबाईला दाखवला. ती म्हणाली, कुणी कापली? म्हटलं, मला काय ठाऊक.

"ठावं हाय तुमास्नी," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.

९ डिसेंबर, मंगळवार

वायर जोडली तरी परत कापली जाणार. म्हणून दुसरा हीटर — न दिसणारा. चुंबकाचा सगळ्यात सोपा, खालून लावला की झालं. काल तिला सांगितलं होतं, फ्रिजवरचं एखादं चुंबक घे आणि ऑइल चेंबरला चिकटतंय का बघ.

आज फोन आला तो राजाबाईनं माझ्या हातातून घेतला. स्पीकर चालू होता.

"नीलम, मारतो व्हय गं तुला?"

पलीकडे सौम्याचं कार्टून चाललं होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग नीलम म्हणाली,

"आई, आप्पांना सांग, चुंबक चिकटत न्हाय."

फोन बंद.

म्हणजे चेंबर ॲल्युमिनियमचं आहे. चुंबकाचा हीटर बाद.

१० डिसेंबर, बुधवार

लिहवत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हे लग्न मी जमवलं. दुसऱ्या कुणी नाही.

निपाणीचे मारुतीराव बारा वर्षं माझ्याकडे गाडी आणायचे. तंबाखूचा व्यापार, घरचं बरं. गाडी अशी ठेवलेली की बोनेट उघडल्यावर हात काळा होऊ नये. सीटखाली कागदाचा कपटा नाही. मुलगा स्वरूप बरोबर यायचा — शांत, आदबीनं बोलणारा, टायरची हवा स्वतः तपासणारा. मला वाटलं, गाडी इतकी नीट ठेवणारी माणसं बाईमाणसाला नीटच ठेवतील. हीच परीक्षा केली मी. दुसरी केलीच नाही. नीलम तेव्हा बीएस्सी होऊन एका लॅबमध्ये लागली होती. आप्पा म्हणतील तसं, म्हणाली.

लग्नाला सहा वर्षं झाली. मारुतीराव अजून मला व्याही म्हणत नाहीत. मिस्त्रीच म्हणतात.

१४ डिसेंबर, रविवार

आज नीलम मर्सीच्या फोनवरून बोलली. मर्सी तिच्याबरोबर कामाला आहे, फिलिपिन्सची, वयानं मोठी. पाऊण तास बोलली. सगळं इथे लिहीत नाही. थोडं लिहितो.

पहिली दोन वर्षं नुसती बोलणी. मग सौम्या झाल्यावर हात उगारणं. पगार त्याच्या खात्यात. फोन तो रोज बघतो, म्हणून आमच्याशी गाडीचंच बोलायची. बापलेक गाडीचं बोलतात, त्यात त्याला काही वावगं दिसत नाही. नोकरी सोड म्हणतो, ती सोडत नाही. म्हणून वायर. गाडी सुरू झाली नाही की उशीर, उशीर झाला की नोकरी आपोआप जाईल.

पोलिसात जा म्हटलं. म्हणाली, माझे इथं राहायचे कागद त्याच्या कागदांवर आहेत, आप्पा. तो म्हणतो तुला परत पाठवीन, पोरगी इथंच ठेवीन. खरं-खोटं मला ठाऊक न्हाय. विचारायला जायचं तरी भीती वाटते.

मर्सीची बहीण दोनशे किलोमीटरवरच्या एका छोट्या गावात असते, तिथल्या वृद्धाश्रमात. तिथे काम मिळेल, राहायला एक खोली मिळेल. पण सौम्याला आणि सामानाला घेऊन जायचं तर गाडी पाहिजे. आणि गाडी त्या दिवशी, त्या वेळी सुरू झालीच पाहिजे.

तर हीटरचं हे असं आहे.

राजाबाई सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, आता ह्यातलं कुणाला एक अक्षर सांगायचं न्हाय.

१७ डिसेंबर, बुधवार

होजमधला नको — रेडिएटरमधलं सगळं कूलंट काढावं लागतं, तिच्याच्यानं नाही होणार, आणि गॅरेजचं बिल त्याच्या खात्यातून जाणार. म्हणजे रबरी पट्टीचा. अडीचशे वॅट. चेंबरला खालून चिकटवायचा, वायर बंपरच्या आतून बांधून टाकायची. वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही.

अडचण एकच. डिंक गारठ्यात धरत नाही. चिकटवताना चेंबर कोमट पाहिजे. तिकडे कोमट काय आहे?

२१ डिसेंबर, रविवार

राजाबाईनं नको म्हटलं होतं. तरी निपाणीला गेलो. हीटरचं, मर्सीचं बोलणार नव्हतोच. नुसतं म्हणणार होतो — पोराला समज द्या. बाप बापाशी बोलला तर काही होईल असं वाटलं.

मारुतीरावांनी बसवलं. विहीणबाई अक्काताई चहा ठेवून आत गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी मोबाईल काढून वायरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"वायर हाय," म्हणाले. "वायरचं काय घेऊन बसलाय, मिस्त्री?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं — तो हात उगारतो, पगार घेतो, पोरीची धमकी देतो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, नवराबायकोत आपण पडू नये. परदेशात पोरगा एकटा राबतोय, डोकं तापत असंल कधी. आणि मग जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, गाडीच्या ब्रेकमधून आवाज येतोय, बघता काय जरा.

मी बघितला. वाकून बघितला! आता लिहिताना अंगावर काटा येतो. पॅड झिजलेत म्हणून सांगितलं आणि बसथांब्यावर येऊन उभा राहिलो.

२४ डिसेंबर, बुधवार

नीलमचा फोन नाही. मी करतो तर बंद लागतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

मर्सीचा फोन. इंग्रजी, मला निम्मं कळलं. मारुतीरावांनी त्याच दिवशी मुलाला सांगितलं. स्वरूपनं नीलमचा फोन काढून घेतला. चार दिवस ती कामावर आली नाही. पाचव्या दिवशी आली. बरी आहे, म्हणाली मर्सी. 'बरी' कशाला म्हणायचं ते मी विचारलं नाही.

राजाबाईला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. "तुमास्नी इंजिन कळतंय," एवढंच म्हणाली. आत निघून गेली.

तिचं बरोबर आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

हीटर मर्सीच्या नावावर मागवला. पोचला. वृद्धाश्रमाच्या मागं लॉन्ड्रीच्या गाडीचं बंद गॅरेज आहे, ते गरम असतं. तिथल्या डागडुजीच्या म्हाताऱ्यानं शनिवारी संध्याकाळी तासभर द्यायचं कबूल केलंय.

होईल असं वाटत नाही. तिनं आयुष्यात पाना धरलेला नाही. मीच धरू दिला नाही. हात खराब होतील म्हणायचो.

४ जानेवारी, रविवार

सकाळी साडेसहा. इथे चुलीचा धूर, तिकडे शनिवारची संध्याकाळ. मर्सीनं फोन धरला, नीलम पुठ्ठा टाकून गाडीखाली गेली. मी इथे खाटेवर बसून बोलत होतो.

आधी स्पिरिटनं पूस. परत पूस. कापड काळं यायचं बंद होईपर्यंत. आता हाताची पालथी बाजू लावून बघ, कोमट आहे का. आहे म्हणाली. मग कागद सोल, डिंकाला बोट लावू नको. मधोमध ठेव. मधून कडेकडे दाबत जा, भाकरी थापतात तशी.

पट्टी दाबायला तिनं दोन्ही हात वर केले तशा स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत खाली घसरल्या. बॅटरीचा उजेड बरोबर हातावर. मनगटापासून वर — जुने पिवळे पडलेले डाग, आणि त्यावर नवे, निळे. बोटांचे. मोजता आले असते.

राजाबाई माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास ऐकू आला.

मी म्हटलं, डावीकडची कड सुटलीय. नखानं दाब.

तिनं दाबली.

बरोबर, म्हटलं. आता वायर. क्लिपनं बांध, सायलेन्सरला टेकू देऊ नको.

पाऊण तासात झालं. बाहेर आली तेव्हा गालाला ऑइल लागलं होतं. हसली. किती दिवसांनी. "आप्पा, जमलं की मला."

जमलं, म्हटलं. तुला आधीच शिकवायला पाहिजे होतं.

६ जानेवारी, मंगळवार

ठरलं ते असं. आज पाळी संपली की गाडी कामावरच सोडायची — घरी सांगायचं, सुरू झाली नाही. त्याला नवल वाटणार नाही, बरंच वाटेल. उद्या सौम्याला घेऊन नेहमीसारखं बसनं जायचं. पोचल्या पोचल्या हीटर लावायचा. चार तास पुरे, मी सहा सांगितले. दुपारी दोनला पाळी संपते, तो कामावर असतो. सौम्याला पाळणाघरातून घ्यायचं, तिथून सरळ.

कपड्यांची एकच पिशवी. ती मर्सीनं आधीच नेलीय.

तिच्या वाटेत बर्फ पडणार आहे असं मोबाईल सांगतोय. मी ह्यात काही करू शकत नाही. कशातच काही करू शकत नाही. नुसता चहा घेतो.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी सहाला फोन. पोचली.

गाडी दुसऱ्या किल्लीला लागली. वाटेत दोनदा थांबली, बर्फ होता. सौम्या सगळा वेळ झोपून होती. मर्सीच्या बहिणीनं गरम सूप दिलं. गाडी तिथे प्लगला लावलीय.

एवढंच बोलली आणि रडली. राजाबाई रडली नाही. देवापुढे दिवा लावला आणि फोन कानाला लावून बसली, पलीकडून कुणी बोलत नव्हतं तरी.

मी भरमूच्या गॅरेजवर गेलो. उगाच. एका टेम्पोचा क्लच चालला होता, बघत उभा राहिलो.

९ जानेवारी, शुक्रवार

मारुतीरावांचा फोन तीन वेळा. उचलला नाही. स्वरूपचाही आला. राजाबाईनं मोबाईल डब्यात टाकून ठेवला.

११ जानेवारी, रविवार

राजाबाई बाजारात गेली होती. अनोळखी नंबर, उचलला. निपाणीहून अक्काताई. शेजारच्या बाईच्या फोनवरून, मारुतीरावांच्या नकळत.

रडत होत्या. "नात जिवंत हाय का तेवढं सांगा. दुसरं काय इचारत न्हाय मी."

सहा वर्षांत त्या माझ्याशी चार शब्द बोलल्या नसतील. त्या घरात त्यांचंही काय असेल ते आवाजावरून कळत होतं. जिवाला लागलं. बोललो थोडं. शांत झाल्या. तुमचं भलं होवो म्हणाल्या.

राजाबाईला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला आणखी ताप नको.

१३ जानेवारी, मंगळवार

नीलम बोलली. नव्या वृद्धाश्रमात कामावर जायला लागली. सौम्या तिथल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसते म्हणे. आज पहिल्यांदा तिनं गाडीचं काही विचारलं नाही. सौम्या गाजर खायला लागली, हेच सांगत बसली.

राजाबाईला आज झोप लागली.

१५ जानेवारी, गुरुवार

मर्सीचा फोन आला. स्वरूप काल त्या गावात पोचला. गावात वृद्धाश्रम एकच, त्याच्या दारात थांबला. सौम्याला उचलून आपल्या गाडीत घातलं. नीलम मागून तिच्या गाडीनं गेली. पोरीमागं जाणारच. आता दोघी परत त्याच घरात आहेत.

उणे एकतीस होतं. गाडी एका किल्लीत सुरू झाली म्हणे.

राजाबाई सकाळपासून एकच विचारतेय — त्याला गाव कळलं कसं?

रविवारी मी अक्काताईंना सांगितलं होतं. नुसतं नाव. गावाचं.